जीप ठरेपर्यंत वन्संचे दात

आमचे हे कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा कारखाना आहे. खिडकीखाली घासायची मोटर, तिच्या शेजारी प्लास्टरचं पोतं, आणि भिंतभर फळ्यांवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या जबड्यांचे पांढरे साचे. लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी प्यायला गेले, तर भांड्यात कुणाची तरी बत्तिशी पोहत होती. मी किंचाळले. हे दाढी करता करता म्हणाले, "पोस्टमास्तरांची आहे, दुपारी नेतील." या माणसाबरोबर राहायचं तर दचकणं सोडावं लागेल, हे मी तेव्हाच ओळखलं.

मी स्वतः बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसायचे. निवृत्त झाले तरी ती खिडकी काही माझ्या स्वभावातून गेली नाही. कुणी काही विचारलं की उत्तर एका दमात द्यायचं आणि पुढच्याला बोलवायचं. गाडी आहे. गाडी नाही. लागलीय, पळा. माणसाला आयुष्यात याहून जास्त काही ठरवायचं असतं असं मला कधी वाटलं नाही. आणि पदरी पडला हा नवरा.

तसे हे कामात वाघ. कुणी तुटकी कवळी घेऊन आलं आणि म्हणालं, "दुरुस्त करू की नवीच घेऊ?" तर हे ती उजेडात धरतात, नखानं टिचकी मारतात आणि सांगतात, "चालेल" किंवा "टाका." एवढंच. पण कारखान्याचा उंबरठा ओलांडला की यांचं डोकं चालेनासं होतं. याला कारण ट्रायल. कवळी पक्की करण्याआधी दात गुलाबी मेणात रोवतात आणि गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून बघतात. ओठ कसा दिसतो, बोलताना शिट्टी वाजते का, कुठे टोचतं. मेण आहे तोवर सगळं बदलता येतं. हा नियम यांनी सबंध संसाराला लावला. कपाट घ्यायचं ठरलं तेव्हा यांनी आधी पुठ्ठ्याचं कपाट करून भिंतीला लावलं. ते इतके दिवस राहिलं की मी त्यात साड्या ठेवायला लागले. आमचं लग्नसुद्धा वन्संनी ठरवलं म्हणून झालं, नाहीतर आम्ही दोघं अजून ट्रायलवरच असतो.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, यांना वन्संनीच वाढवलं. शिकवलं, धंद्याला लावलं, कानाला धरून बोहल्यावर उभं केलं. वन्सं डोंगरावर राहतात, पाण्याच्या मोठ्या टाकीजवळ. त्यांचे यजमान त्या टाकीचे राखणदार होते. ते गेले तरी वन्संनी ती दोन खोल्यांची जागा सोडली नाही. खालच्या वळणापर्यंत दुधाचा टेम्पो जातो. पुढची वाट अशी की दगडांनीही एकमेकांना धरून बसावं.

तर या वन्संचा शेवटचा दात पडला आणि त्याच सुमाराला आमच्याकडे जीप आली.

जीप दिली दगडखाणीच्या मालकांनी. यांनी करून दिलेल्या कवळीवर ते बेहद्द खूश होते. म्हणाले, "खाणीमागे माझी जुनी जीप पडलीय, ती तुम्हाला बक्षीस." हे बक्षीस होतं की कचरा हलवायची युक्ती होती, हे मला अजून कळलेलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून ती आणली आणि आमच्या अंगणात विटांवर उतरवली. तिला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, स्टिअरिंग नव्हतं. इंजिनाच्या जागी एक मांजर पिल्लांसकट राहत होती आणि तिला या बदलीबद्दल कुणीही विचारलं नव्हतं. हे जीपभोवती फिरले, खूप वेळ फिरले, मग आत जाऊन त्यांनी फोन लावला.

"ताई, जीप आलीय. फोर व्हील. मी स्वतः चालवत येतो, तुला घेऊन येतो, आणि इथे बसवून तुझी कवळी करतो."

पलीकडून वन्सं काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून हे भारावल्यासारखे म्हणाले, "ताई म्हणाली, आता आले तर तुझ्या जीपमधनंच येईन. दुसऱ्या कशात पाय ठेवणार नाही."

मी म्हटलं, "मी उद्या भाड्याची गाडी करते. वन्संना आणू. जीपचं नंतर बघा."

"तिनं शब्द दिलाय."

"कुणाला, मांजरीला?"

पण काही उपयोग नव्हता. वन्संचे गुडघे धरले होते, त्यांना चालत उतरणं शक्य नव्हतं. माप घ्यायचं, चावा बघायचा, मेणाची ट्रायल, मग पक्की कवळी, मग टोचेल तिथे घासणं, हे सगळं कारखान्यातच व्हायचं, म्हणजे यांनी सामान घेऊन वर जाणंही शक्य नव्हतं. आणि वन्सं जीपशिवाय येणार नव्हत्या. थोडक्यात, जीप चालू होईपर्यंत एका बाईनं दुधात बुडवलेल्या पावावर राहायचं, असं दोघा भावंडांचं ठरलं. यात कुणालाही काही चमत्कारिक वाटत नव्हतं. फक्त मला वाटत होतं, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

मग प्रश्न आला : हीच दुरुस्त करायची की तयार घ्यायची?

दुरुस्तीच्या बाजूनं होता मिस्त्री. तो जीपखाली सरपटत गेला, आतून ठोकल्याचे आवाज आले, आणि बाहेर येऊन तो म्हणाला, "वहिनी, चासी एक नंबर. सांगाड्याला आता असं लोखंड मिळत नाही. बाकीचं बदललं की झालं."

"बाकीचं म्हणजे काय काय?"

"बाकीचं सगळंच," मिस्त्री म्हणाला.

तयार गाडीच्या बाजूनं होता एजंट. त्याच्या आवारात रंग मारलेल्या जीपा ओळीनं उभ्या असायच्या आणि त्याचं एकच वाक्य होतं : "काका, चावी फिरवा आणि निघा." मला हा माणूस आवडला. चौकशीच्या खिडकीत शोभला असता. मी यांना ओढत तिथे नेलं. एक हिरवी जीप छान होती. चावी फिरवली, ती सुरू झाली. मला वाटलं, संपलं. आता घरी जाऊ, उद्या वन्सं येतील.

यांनी खिशातून निळ्या कागदाची पट्टी काढली. कवळीचा चावा तपासायला हा कागद वापरतात. दातांमध्ये धरून गिऱ्हाइकाला चावायला सांगायचं, म्हणजे जिथे जास्त लागतं तिथे निळा डाग उठतो. यांनी ती पट्टी जीपच्या दरवाज्यात धरली आणि दरवाजा लावला. उघडला. डाग बघितला. पुन्हा लावला.

"हिचा उजवा दरवाजा वर आधी टेकतोय," हे गंभीरपणे म्हणाले. "असंच चालू दिलं तर डावीकडचं सगळं हलायला लागेल."

"काका, दरवाजा आहे तो."

"थोडंसं घासलं की होईल." आणि यांनी दुसऱ्या खिशातून कानस काढली.

एजंटनं आयुष्यात दगाबाज गिऱ्हाइकं पाहिली असतील, भांडखोर पाहिली असतील, पण नव्या रंगावर कानस घेऊन धावणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं. त्यानं यांचा हात धरला, मी एजंटचा हात धरला. थोडा वेळ आम्ही तिघं तसेच उभे होतो. मग आम्ही रिक्षा करून घरी आलो.

त्या दिवसापासून आमच्या घराची घडी अशी बसली. दिवसभर यांचं डोकं जीपमध्ये. संध्याकाळी वन्संना फोन, आणि फोनवर मिस्त्री काय म्हणाला, एजंट काय म्हणाला, स्प्रिंगचे पाटे कसे आहेत, रेडिएटर कसा आहे, हे सगळं पुराण. फोन बराच वेळ चालायचा. संध्याकाळी दुरुस्तच करायची असं पक्कं ठरवून हे फोनपाशी बसायचे, आणि उठायचे ते तयार घ्यायचं ठरवून. दुसऱ्या दिवशी तयार घ्यायचं ठरवून बसायचे आणि दुरुस्तीवर येऊन उठायचे. मी एकदा एजंटला चहाला बोलावून ठेवलं होतं. तो कपबशी हातात घेऊन बसला असताना आतून हे आले आणि म्हणाले, "चासी एक नंबर आहे हो आमची." एजंटनं चहा न संपवता कप खाली ठेवला. मला वाटायचं, यांच्या मेंदूलाच चाकं नाहीत.

मधल्या काळात यांनी हाताला सवय म्हणून कामं काढली. जीपच्या तोंडावरच्या जाळीच्या पट्ट्या गंजून गेल्या होत्या. यांनी त्या कवळीच्या मटेरियलमध्ये ओतल्या. पट्ट्या दाताच्या पांढऱ्या, त्यातही एक जरा पिवळसर, कारण अगदी सारख्या असल्या तर खोट्या वाटतात. भोवतीची चौकट हिरडीच्या गुलाबी रंगाची. लावून झाल्यावर जीप अंगणात उभी राहून दात विचकायला लागली. गल्लीतली कुत्री तिच्यावर गुरगुरायची. पोस्टमन पत्रं कुंपणावरून फेकायला लागला. मिस्त्री मात्र कौतुकानं म्हणाला, "वहिनी, आता फक्त घास भरवायचा बाकी आहे."

मग यांनी स्टिअरिंगची ट्रायल केली. मेणाची. हातात कसं बसतं ते बघायला हवं म्हणे. अख्खं गुलाबी स्टिअरिंग, बोटांच्या खाचांसकट. मी बाजारातून आले तेव्हा ऊन रणरणत होतं आणि ते स्टिअरिंग वाळत घातलेल्या टॉवेलसारखं खाली लोंबून सीटवर पसरलं होतं. त्याच वेळी मिस्त्री आला, नेहमीप्रमाणे न बघता सीटवर बसला आणि उठेपर्यंत त्याची पँट आणि आमचं स्टिअरिंग एक झालं होतं. पँट सोडवताना मी हसत होते. हेही हसत होते. त्या वेळी मला वन्संची आठवण झाली नाही, हे खरं आहे.

आठवण करून दिली दूधवाल्यानं. एका सकाळी कॅन ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाई, टाकीवरच्या आजींकडे जाऊन या एकदा. आजींचे कपडे आजींपेक्षा मोठे झालेत. पाव पण अर्धा परत देतात."

मी तशीच कारखान्यात गेले. हे कुणाच्या तरी कवळीला पॉलिश करत होते. मी मोटरचं बटण बंद केलं.

"वन्सं खात नाहीयेत. आज ठरवा. आत्ता. दुरुस्त की तयार?"

यांचा चेहरा उतरला. हातातली कवळी त्यांनी उगीच फिरवली. "आज मिस्त्री रेडिएटर बघायला येणार आहे," हे म्हणाले. "त्याचं एकदा कळलं की—"

पुढचं मी ऐकलंच नाही. पायात चपला घातल्या, पिशवी घेतली आणि दूधवाल्याच्या टेम्पोत जाऊन बसले. इतकी वर्षं लोकांना कुठली गाडी कुठे जाते ते सांगितलं, पण रागाच्या भरात गाडीत बसून निघून जाण्यात काय सुख असतं ते त्या दिवशी कळलं. वळणावर उतरून मी ती वाट चढले. दर दगडाला एकेकाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. दगड पुरले नाहीत असं झालं नाही.

वन्संचं दार उघडंच होतं. खोलीत पलंग होता, टेबल होतं, पण वन्सं या दोन्हींवर नव्हत्या. फोनच्या स्टुलाला लावून एक खुर्ची होती, तिच्यावर उशी, आणि उशीवर वन्सं. भर दुपारी. दूधवाला खोटं बोलला नव्हता. वन्सं म्हणजे खुर्चीवर टाकलेल्या साडीसारख्या दिसत होत्या. मला बघून त्या उठल्या आणि रिकाम्या तोंडानं हसल्या.

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, "वन्सं, तुम्हाला खरं सांगायला आले. जीपला इंजिन नाही."

"माहीत आहे," वन्सं म्हणाल्या.

"चाकंसुद्धा नाहीत."

"पुढची दोन लावली होती ना?"

"काढली परत. ट्रायल होती."

"हो का? हे नाही बोलला तो मला," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

मी खाली बसले. "मग तुम्ही वाट कसली बघताय?"

वन्संनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तुला राग येईल."

"तो आलेलाच आहे. तुम्ही बोला."

"आधी त्याचा फोन कधीतरी यायचा. कशी आहेस? बरी आहे. ठेवू? ठेव. एवढंच. त्याची चूक नाही गं, बोलायला असायचंच काय? मी इथे, तो तिथे. आणि मग ही जीप आली." वन्संचा चेहरा असा उजळला की दात नसल्याचं विसरायला झालं. "आता रोज करतो. लहानपणी शाळेतून आला की जसा बोलायचा, तसं सगळं सांगतो. आज हे झालं, उद्या ते करणार. मला त्या पाट्यातलं न् रेडिएटरमधलं काय कळतंय? पण तो दुरुस्त करतो म्हणाला की मी म्हणते, अरे तयार घे. आणि तयार घेतो म्हणाला की मी म्हणते, अरे चासी चांगली आहे ना? एकदा का ठरलं की संपलं."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे यांचा मेंदू ठीक होता. रोज ठरत होतं आणि रोज ही म्हातारी डोंगरावर बसून मोडत होती. वन्संच्या एका वाक्यापायी आम्ही आदल्या आठवड्यात अख्ख्या जीपचा रंग खरवडला होता.

"आणि दात?" मी ओरडलेच. "खाणं?"

"दात चावायला लागतात," वन्सं म्हणाल्या. "बोलायला हिरड्या पुरतात."

मला इतका राग आला आणि त्याच क्षणी इतकं रडू आलं की दोन्हींपैकी आधी काय करावं ते कळेना. शेवटी मी रडत रडत भांडले. म्हटलं, "अहो, तुम्ही अशा वाळून वाळून गेलात, तर ते फोन कुणाला करतील? मला? मी एका वाक्यात उत्तर देते. माणूस वेडा होईल."

हे वन्संना पटलं. त्यांनी चपला घातल्या. मी त्यांचा हात धरायला गेले, तर त्या माझ्या पुढे निघून गेल्या. ती दगडांची वाट वन्सं अशा उतरल्या की मीच मागून "हळू, हळू" करत होते. गुडघ्यांचं दुखणंही जीपच्याच खात्यातलं निघालं.

आम्ही टेम्पोतून उतरलो तेव्हा हे जीपच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे होते. वन्संना बघून ते दचकले आणि त्यांच्या डोक्याला बॉनेट लागलं.

"ताई! तू कशी आलीस? जीप तर अजून—"

"तुझ्या जीपमध्येच बसायचं म्हणाले होते ना? हे बघ." आणि वन्सं विटांवरच्या त्या जीपमध्ये चढल्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसल्या, मान मागे टेकवली आणि तोंड उघडलं. "घे माप."

हे आत पळाले. सामान आणायला गेले असतील असं आम्हाला वाटलं. पण ते येईनात. वन्सं तोंड मिटायच्या, पुन्हा उघडायच्या. शेवटी मी आत गेले. हे फळीसमोर उभे होते, हातात मापाचा कोरडा साचा घेऊन.

"तू घे माप," हे म्हणाले. "मी इथून सांगतो."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"मला बघवणार नाही." हे साच्याकडेच बघत बोलले. "बाकीच्यांचं बघतो मी. हिरडी बघितली की मला कळतं माणूस किती झिजलाय, किती राहिलाय. तोंडात बोट फिरवलं की कळतं. ते मला ताईचं कळायला नको. दातानं अक्रोड फोडून गर माझ्या हातावर ठेवायची ती. तिचा शेवटचा दात पडला म्हणाली, तेव्हापासून मी हे टाळतोय. मला वाटलं, जीपचं होईपर्यंत तरी..."

इतकी वर्षं या माणसाला मी धरसोड्या म्हणत आले. तो नुसता घाबरलेला होता. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं आणि घेतलंही. वन्संचं गुपित मी तोंडातून काढलं नाही. मग त्यांच्या हातात मापाची पेस्ट दिली आणि पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर ढकललं.

हे जीपमध्ये चढले. विटा हलल्या. वन्संनी तोंड उघडलं. यांनी आधी डोळे मिटले, मग उघडले, आणि बोट आत घातलं. खालून फिरवलं, वरून फिरवलं, पुन्हा खालून. मिस्त्री रेडिएटर घेऊन फाटकात आला होता, मी त्याला हातानंच थांबवलं.

"हाड चांगलं आहे," हे हळूच म्हणाले. मग मोठ्यांदा म्हणाले. "ताई, तुझं हाड चांगलं आहे गं! अजून खूप आहे! एक नंबर आहे!" आणि मापाची गुलाबी पेस्ट वन्संच्या तोंडात भरून हे हमसून हमसून रडायला लागले. वन्संना बोलता येत नव्हतं. पेस्ट घट्ट होईपर्यंत त्या यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मिस्त्रीनं उगीचच रेडिएटर फडक्यानं पुसला.

वन्सं आमच्याकडे राहिल्या. चावा झाला, मेणाची ट्रायल झाली, घासाघास झाली. कवळी बसली त्या सकाळी मी सफरचंद कापायला घेतलं तर वन्संनी ते माझ्या हातातून अख्खंच ओढून घेतलं आणि कचकन तोडलं. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. हे खुर्चीच्या कडेवर बसून तो आवाज ऐकत होते. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिलं नव्हतं.

"ताई," हे म्हणाले, "जीपचं ठरलं. आता माझी भीती गेली, मग दुरुस्तीचा घोळ कशाला? तयार घेतो. उद्याच जातो एजंटकडे. विषय संपला."

किती स्पष्ट बोलले. याच वाक्यासाठी मी इतके दिवस जीव टाकत होते. पण वन्संचं चावणं थांबलं. सफरचंदाचा घास गालात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मी सहन करू शकले नाही. जीप आली की यांनी अधूनमधून चक्कर मारली असती, हे खरं. पण रोजची संध्याकाळ गेली असती.

मी उत्तर एका वाक्यात देणारी बाई. मीच म्हटलं, "तयार घ्यायची हे ठरलं. पण पत्र्याच्या टपाची घ्यायची की कापडी टपाची?"

हे थबकले. "ते मी बघितलंच नाही."

"कापडी फाटतं रे," वन्सं घाईघाईनं घास गिळून म्हणाल्या.

"पण ताई, पत्रा उन्हात तापतो."

"मग कापडीच बरं. पण पावसात काय?"

हे उठून फेऱ्या मारायला लागले. मी आत जाऊन एजंटला फोन केला आणि उद्या येत नसल्याचं सांगितलं. मी माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि मला त्याचं जराही दुःख नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं दुधाच्या टेम्पोतून परत गेल्या, दूधवाल्याच्या शेजारी बसून, वाटेत खायला अक्रोडांची पिशवी घेऊन. संध्याकाळी हे फोनपाशी जाऊन बसले, पण त्यांनी हात लावायच्या आतच फोन वाजला.

"अरे, मी काय म्हणते," वन्संचा खणखणीत आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला, "टप कापडी घेतला, तर त्याचा रंग कुठला?"

हे खुर्ची ओढून नीट बसले. मी बाहेर येऊन टीव्हीचा आवाज कमी केला.